बोट न लावलेला बल्ब

डिंभ्याच्या भिमाजीनं प्रवासी नेणाऱ्या वडापच्या जीपच्या हेडलाइटला हॅलोजन बसवले, पण एकही बल्ब धड महिनाभर टिकेना. अंधार पडायच्या आत घर गाठायचं म्हणून संध्याकाळची फेरी बुडायला लागली, तसा तो मंचरला जाऊन दुकानदार कमरुद्दीनवर घसरला.

"डुप्लिकेट माल देता व्हय राव तुमी?"

कमरुद्दीननं वायरिंग पाहिलं, चार्जिंग पाहिलं. सगळं ठीक होतं.

"भाऊ, बसवताना काचेला बोट लावता का? बोटाचा डाग राहिला की तिथं काच तापते आन् बल्ब उडतो."

"बोट? धुतलेल्या फडक्यात धरून बसवतो मी!"

भर बाजारात दुकानाची अब्रू जायला लागली, म्हणून कमरुद्दीन नवा बल्ब घेऊन स्वतःच डिंभ्याला आला. भिमाजीच्या बायकोनं, सरूबाईनं, चहा दिला, बल्ब आत देवापुढं नेला आणि जरा वेळानं तबकात घालून बाहेर आणला. काचेवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं उमटली होती.

"हे काय, वहिनी?" कमरुद्दीननं विचारलं.

 

"दर खेपेला लावते, भाऊ. मागला लवकर उडाला, म्हणून आज जरा जास्तच लावलंय!"