उशीखालचा चष्मा

दोघी बहिणींना एकाच विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला, पण दोघींनाही हव्या असलेल्या मार्गदर्शक मॅडम यंदा एकच विद्यार्थिनी घेणार होत्या. थोरलीने त्यांना कालच मेल केली. धाकटीची आज जायची, तर चष्मा सापडेना. तो थोरलीने मघाशीच उशीखाली सारला होता. “ताई, तूच वाच ना गं, मला सगळं धुकंच दिसतंय.” मजकूर इतका नेटका, की थोरलीच्या पोटात दुखलं. वर नाव मात्र दुसऱ्याच सरांचं! जुन्या मेलवरून उतरवताना तसंच राहिलेलं. लहानपणापासून हिचंच कौतुक; एकदा आपटू दे की. “छान आहे. पाठव.” “नाव बघितलंस ना? काल तू पाठवण्याआधी तुझ्या मेलवर दुसऱ्याच सरांचं राहिलं होतं. मी हळूच बदललं, म्हटलं, ताईला कशाला ओशाळवायचं?” थोरलीने उशीखाली हात घातला. “हा घे तुझा चष्मा. पाठवण्याआधी नाव तेवढं तूच बघ.”