फांदीवर किती

“पाखरं आली, पाखरं आली, फांदीवर किती?”

“काकू सांगतील तिती!”

“चार,” हेमांगी म्हणाली. हात पसरून भिरभिरणारी बारा पोरं धावली, एकमेकांना बिलगली, आणि बघता बघता तीन घोस लागले. कोणी उरलं नाही. तिसऱ्या घोसात तिचा सहा वर्षांचा सुधन्वा कोणाच्या तरी कोपराखाली नाक दाबून घेत हसत होता. हेमांगीचा जीव भांड्यात पडला.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समागची बाग. थंडीतलं पिवळं, मऊ ऊन. शेजारची कुमुद बाकावर मटार सोलत बसलेली. दिल्लीत वाढणाऱ्या या पोरांच्या कानावर मराठी आकडे पडावेत, आकड्यांशी त्यांची गट्टी जमावी, म्हणून हेमांगीने हा खेळ रचला होता. जो उरेल त्याने पिंपळाला शिवून परत यायचं. तोवर बाकीच्यांनी घोष करायचा: ‘उरलं पाखरू उपाशी, जा झाडापाशी.’

“दोन, तीन, चार, सहा. एवढंच म्हणतेस तू,” कुमुद म्हणाली. “पाच येत नाही का गं तुला?”

“येतं. आवडत नाही.”

आकडा ऐकला की इतर पोरं पळायची. सुधन्वा आधी सगळ्यांना मोजायचा, मग पळायचा. तोवर फांद्या भरलेल्या असायच्या. तो उरू नये म्हणून त्याच्या आईने बाराची सगळी दारं हुडकून ठेवली होती, आणि त्यांतूनच ती पोरांना ये-जा करू देत होती.

तेवढ्यात फाटकातून एक गृहस्थ मुलीचं बोट धरून आले. “नांदेडहून बदली झालीय आमची. हिला घ्याल का खेळायला? द्वारका नाव हिचं.”

“द्वारका?” दांडगट जयदीप म्हणाला. “वो तो मेट्रो की ब्लू लाइन पे है.”

“मी नांदेडची आहे,” मुलगी म्हणाली.

पोरं खिदळली. हेमांगीला हसू आलं नाही. बारा आणि एक तेरा. आता दोन म्हटलं तरी एक उरणार, तीन म्हटलं तरी एक, चार म्हटलं तरी एक.

“तू आज माझ्याजवळ बस हं, बाळा. नुसतं बघ. म्हणजे कळेल खेळ.”

मुलगी बसली. स्वेटरच्या बाह्या ओढून तिने बोटं आत घेतली आणि नुसतं बघू लागली.

“बघायला घरी टीव्ही आहे की,” कुमुद मटारावरची नजर न काढता म्हणाली.

हेमांगी ओशाळली. “जा, द्वारका. खेळ.”

“तीन,” तिने पुकारलं. द्वारका वाऱ्यासारखी धावली आणि दोघींच्या गळ्यात पडली. सुधन्वा उरला. पिंपळाला शिवून आला.

“चार.” सुधन्वा उरला.

“दोन.” सगळ्यांच्या जोड्या जमल्या, आणि मधोमध हात पसरून सुधन्वा.

“सहा,” ती हळूच म्हणाली.

“अरे यार, फिर से सुधन्वा,” रुचिरा म्हणाली. प्रत्येक डावात पहिली पळणारी ती. मग सगळ्यांनीच सूर लावला. उरलं पाखरू उपाशी. आपणच जुळवलेली ओळ हेमांगीला ऐकवेना.

“चला, पुरे आता,” ती उठली. “तिळाची गजक कोणाला हवी?”

सुधन्वा पिंपळाकडून परत आला. रडत नव्हता. त्याने तिच्या शालीचं टोक ओढलं.

“आई, पाच म्हण.”

“पाच नको रे. पाचात तिघं उरतील.”

“हो ना,” सुधन्वा म्हणाला. “तिघं.”

 हेमांगी परत खाली बसली.

“पाखरं आली, पाखरं आली...” तिने पुकारलं. “पाच.”

दोन घोस लागले. सुधन्वा उरला. एका घोसाकडून दुसऱ्याकडे पळता पळता बावरलेली द्वारका उरली. आणि अडखळून पडलेला जयदीपही उरला. जयदीपने तो पिंपळ जवळून कधी पाहिलाच नव्हता.

तिघं गेली, पण लगेच परत येईनात. बुंध्याला छाती लावून, हात ताणून, एकमेकांची बोटं शोधत होती. अखेर सुधन्वा एकटाच धावत आला, धापा टाकत.

“आता सात म्हण.”

“सातच का?”

“सहा जण लागतात. झाड जाड आहे, आमचे हात पुरत नाहीत.”

कुमुदचा हात मटाराच्या शेंगेवरच थांबला. “सात एके सात,” ती हळूच पुटपुटली, “आणि खाली सहा. बघ बाई.”

“सात,” हेमांगीने पुकारलं.

सात जण एकमेकांना घट्ट बिलगले. उरलेल्या सहांपैकी दोघं पिंपळापाशीच होती, बाकीचे चौघं तिकडे पळाले. सहाही जणांनी बुंध्याभोवती हात पसरले. थोडं अंतर उरलं, मग द्वारकाने टाचा उचलल्या, गाल सालीला टेकवला, आणि जयदीपची बोटं तिच्या बोटांत अडकली. बुंध्यापलीकडे कुठेतरी सुधन्वा मोठ्याने हसला. वरून दोनचार पानं खाली आली.

इकडे घोष करायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. सातांच्या घोसातून रुचिराने मान बाहेर काढली.

“काकू,” ती म्हणाली, “आमचा उरायचा टर्न कधी?”