टोपलीखालचं पाऊल

रंभाबाईंनी टोपली उचलली आणि त्या मटकन खालीच बसल्या.

"पाखरू! अगं माय वं, मास्तर पाखरू झाले!"

वामन मास्तरांनी ज्या जागी प्राण सोडला, तिथं आदल्या संध्याकाळी शेजारच्या रंभाबाईंनीच पीठ चाळून पसरलं होतं आणि वर बांबूची टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. पिठाच्या मधोमध तीन बोटांची खूण होती. चिमणीच्या पायाएवढी.

मास्तर गेल्यापासून त्यांच्या पत्नी सोजरबाई रडल्या नव्हत्या. आता रडल्या, आणि रडता रडता हसल्याही.

"कोणाला दुखवलं नाही त्यांनी जन्मात," रंभाबाई म्हणाल्या. "गेले तेही कसे, चालते-बोलते. वरून पाहिलं तर काही झालंच नव्हतं माणसाला."

मास्तरांची मुलगी सुनंदा खंडव्याहून आली होती. ती खाली वाकली. खुणेला तिनं बोट लावलं. पीठ बोटाला चिकटलं, मळायला घेतलेल्या कणकेसारखं. तिनं टोपलीच्या पाठीवरून हात फिरवला. पट्ट्या ओल्या होत्या. मग तिनं वर पाहिलं.

धाब्याचं घर. वर पांढऱ्या मातीचा थर, खाली फळ्या, आणि ते सगळं ओझं पेलणारे सागाचे सरे. वैशाखातल्या वादळानं लोधीपुऱ्यातले पत्रे उडवले, कौलं फोडली. मास्तरांच्या घराचं मात्र ढेकूळसुद्धा हललं नाही, असं सगळा मोहल्ला म्हणत होता. गल्लीतून पाहिलं तर तसंच दिसे. पण मधल्या सऱ्याचं टोक भिंतीतल्या खोबणीतून बाहेर सरकलं होतं. इतकी वर्षं भिंतीत दडलेलं लाकूड फिकट, कोरं दिसत होतं. शेजारची फळी काळी पडली होती. रात्री पावसाची एक सर येऊन गेली होती, आणि फळीच्या कडेला एक थेंब अजून लोंबत होता.

"मी नाही येत रे भोपाळला," सोजरबाई मुलाला म्हणाल्या. "ते इथं येऊन बसणार आणि दाराला कुलूप?"

नंदकुमार दारात वळकटी बांधत होता. नवं राज्य झालं तशी त्याची कचेरी नागपूरहून भोपाळला गेली होती. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं, आणि आईला न्यायचं की नाही यावरून घरात रोज वाद होता. त्यानं पिठाकडे पाहिलं, मग भिंतींकडे.

"राहा मग. घर तर एकदम पक्कं आहे. एवढ्या तुफानात हललं नाही. मला फिकर नाही." त्याला खरोखरच हायसं वाटलेलं दिसलं. वळकटी घेऊन तो ओसरीवर गेला. रंभाबाई गल्लीला सांगायला निघाल्या.

खोलीत दोघीच उरल्या.

"आई, हे पाऊल नाही. गळतंय. बांबूतून पाणी झिरपलंय."

"हळू बोल."

"सरा सुटलाय. मोठा पाऊस झाला तर सगळं खाली येईल. आणि तू इथंच निजतेस."

"मला माहीत आहे."

सुनंदा आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"वादळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे वडील वर चढले होते," सोजरबाई पिठाकडे पाहत म्हणाल्या. "खाली आले ते घामाघूम. म्हणाले, सरा सरकलाय. पण नंदूला बोलू नकोस, तो घर सोडायला लावील. पावसाच्या आत आपण टेकू देऊ."

"आणि तू गप्प राहिलीस."

"छातीत कळ येते, तेही सांगू नको म्हणाले होते. नाही सांगितलं."

बोलून त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या कानावर आत्ता पडलं. त्यांचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावरच राहिला.

गल्लीतून रंभाबाईंचा आवाज येत होता. "अगदी पाखराचं पाऊल वं, या, पाहा तरी!" ओसरीवर नंदकुमार सुतळीला गाठ मारत होता, गाठ सुटत होती, तो पुन्हा मारत होता.

"सुनंदे," सोजरबाई म्हणाल्या, "तो मला घेऊन जाईल."

"हो."

"या जागेवरून."

सुनंदानं बोटाला चिकटलेलं पीठ लुगड्याला पुसलं. ते पुरतं निघालं नाही.

"नंदू," तिनं हाक मारली. "शिडी आण."

सोजरबाईंनी तिला अडवलं नाही. त्यांनी टोपली उचलली आणि त्या पावलावर परत पालथी घातली. पुढचा थेंब बांबूवर वाजला.