दंडावरचे डाग

"हे आमच्या वहिनीचं काम आहे," असं म्हणत लेकीने आईची बाही खांद्यापर्यंत वर सारली. "तुम्हीच बघा आणि तसं लिहून द्या."

दंडावर काळेनिळे डाग होते. काही ताजे, काही पिवळे पडत चाललेले. एक तर बोटं रुतावीत तसा. डॉक्टरबाईंनी चष्मा लावून ते पाहिले, मग दुसरा हात पाहिला, मग पोटऱ्या.

"अगं, मला कोणी हात लावला नाही," आई म्हणाली. सकाळपासून ती हेच म्हणत होती.

"घाबरून बोलते," लेकीने समजावून सांगितलं.

सकाळी माहेरी आल्या आल्या आईची वेणी घालताना तिला ते डाग दिसले होते. मग काय, तिने घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या दोघी दार उघडून जिन्यात उभ्या राहिल्या, तेव्हा आवाज आणखी चढवला. भाऊ मान खाली घालून बसला होता. डॉक्टर तसं म्हणाल्या तर हिला आजच माहेरी पोचवतो, एवढंच तो बोलला. वहिनी रडली नाही, भांडली नाही. न बोलावता पर्स घेऊन रिक्षात येऊन बसली. रस्ताभर तिचा हात पर्समध्येच होता, आत काहीतरी चाळा चालला होता. काहीतरी लपवतेय, लेकीने ताडलं. दवाखान्याच्या दारात वहिनी म्हणाली, "ताई, आत जायच्या आधी एक मिनिट ऐका." लेकीने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आणखी काय ऐकायचं बाकी होतं?

"हृदयाची झडप बदललीय ना तुमची?" डॉक्टरबाईंनी आईला विचारलं. "रक्त पातळ ठेवायची गोळी कोण देतं?"

"सून. रोज जेवण झालं की पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभी राहते. गिळल्याशिवाय हलत नाही."

"दात घासताना रक्त येतं?"

"येतं थोडं."

"आणखी काही घेता? काढा, चूर्ण, कसला अर्क? हळदीच्या, लसणाच्या गोळ्या?"

"छे हो. काहीसुद्धा नाही," आई म्हणाली, आणि टेबलाखाली तिने लेकीच्या पायावर पाय ठेवला.

लहानपणी लेकीच्या हातून काही फुटलं आणि वडील विचारायला लागले की आई असाच पाय ठेवायची. गप्प बस, मी बघते.

लेकीला एक बाटली आठवली. ती वनौषधींच्या दुकानात काम करायची. तिथे सगळे तिला कौतुकाने डॉक्टरीणबाई म्हणत, आणि तिलाही ते गोड लागे. झाडपाला आहे, त्याने काय होणार, हे तिचं गिऱ्हाइकाला ठरलेलं उत्तर. मागच्या खेपेला लसणाच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली आईच्या हातात ठेवताना तिने तेच सांगितलं होतं. शिवाय बजावलं होतं, "हृदयाला उत्तम. फक्त वहिनीला कळू देऊ नकोस. ती लगेच डॉक्टरांना विचारत बसेल."

"कोणी मारल्याचे हे डाग वाटत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झालं की जरा कुठे टेकलं तरी असे डाग उठतात. हातावर दिसले म्हणून बरं. हेच डोक्यात झालं असतं तर जिवावर बेतलं असतं. आत्ताच रक्त तपासू. पण काहीतरी पोटात जातंय, ते कळायला हवं."

आईचा पाय अजून तिथेच होता. आता सांगायला हवं होतं. लेकीने तोंड उघडलं.

"मध्ये... कोणीतरी तिला लसणाच्या गोळ्या दिल्या होत्या म्हणे."

'कोणीतरी' हा शब्द बाहेर पडला आणि तिची तिलाच किळस आली. मघाशी वहिनीचं नाव घेताना ती अडखळलीसुद्धा नव्हती.

"त्या बंद करा. आणि बाटली आणा, त्यात आणखी काय काय आहे ते बघू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

लेक उठून बाहेर आली. बाकावरून वहिनी झटकन उभी राहिली. तिच्याकडे बघायची लेकीची छाती होईना. तेवढ्यात वहिनीनेच पर्समधून बाटली काढून तिच्या हातात ठेवली. बाटलीवरचा अर्धा कागद निघालेला होता. वहिनीच्या अंगठ्याच्या नखात डिंकाचा मळ भरला होता.

"निघताना आईंच्या उशीखाली सापडली," ती हळू आवाजात म्हणाली. "आत काय आहे ते सगळं वाचता येतंय, डॉक्टरांना दाखवा. दुकानाचं नाव तेवढं मी खरवडून काढलंय, ताई. चार लोकांत तुमचं नाव निघायला नको."