जुना आजार काही?

"जुना आजार काही? दमा, साखर, हृदयाचं?" नर्सबाईंनी फॉर्मवरून मान वर न करताच विचारलं.

"छे! ठणठणीत आहे मी," उस्ताद म्हणाले.

म्हणाले खरे, पण बायकोने मागून असं काही कोपर मारलं की ते टेबलावरच आदळले. ठणठणीत कसले? बारा वर्षांचा दमा! शर्टाच्या आतल्या खिशात पंप. गेल्या थंडीत फ्लू झाला तर सतरा दिवस दवाखान्यात, नाकाला नळी. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, लस चुकवायची नाही, असा दुसरा फटका ही फुप्फुसं झेलणार नाहीत.

पण उस्तादांचं काम काय? बँडची पितळी वाद्यं दुरुस्त करायची. पोचे काढायचे, झडपा बसवायच्या आणि शेवटी गिऱ्हाइकासमोर स्वतः फुंकून दाखवायचं. आता फुंकणाऱ्यालाच दमा म्हटल्यावर कोण वाद्य आणणार? म्हणून बारा वर्षं तोंडाला कुलूप. दवाखान्यात होते तेव्हासुद्धा बायकोने "बहिणीकडे गेलेत" असं बिनधास्त ठोकून दिलं.

आणि आज लशीच्या रांगेत नेमकं मागे कोण? बँडमास्तर! उस्तादांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"मला साखर आहे बरं का बाई," ते मागूनच ओरडले. "लिहा मोठ्या अक्षरात!"

"तुम्हाला मिळेल." नर्सबाईंनी उस्तादांचा फॉर्म बाजूला सरकवला. "काका, आज मोजक्याच लशी आल्यात. जुना आजार असेल त्यांना आधी. तुम्ही ठणठणीत, तुम्ही नंतर या. पुढच्या कधी येतील, सांगता येत नाही."

बायको कानाशी कुजबुजली, "अहो, सांगताय की मी सांगू? गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल. तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?"

उस्ताद जागचे हलेनात. रांग चुळबुळायला लागली. मागे कुणीतरी खोकलं, चांगलं घसा खरवडून. ते ऐकलं मात्र, उस्तादांनी खिशातला पंप काढला आणि टेबलावर आपटला.

"दमा आहे," ते म्हणाले. अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "बारा वर्षं!"

झालं. सांगून टाकलं. पण मागे वळून बघायची काही हिंमत होईना. बाही वर केली, सुई टोचली, कापूस दाबून धरला. डोळे आपले जमिनीकडे. तेवढ्यात दुसऱ्या खांद्यावर हात पडला.

"काय उस्ताद," बँडमास्तर हळूच म्हणाले, "ती फुंकताना छाती फोडणारी मोठी वाद्यं चार वर्षं आम्ही दुरुस्तीला दुसरीकडे का नेतो, काय वाटलं तुम्हाला?"