घामाची चव

मामबेतने कारागेरच्या मानेवरचा घाम बोटावर घेतला आणि जिभेला लावला. नुसतं पाणी! जमलेल्या मंडळींकडे बघून त्याने ऐटीत मान हलवली. घोडा तयार. सराव कच्चा असला की घाम खारट लागतो, पुरता मुरला की बेचव. आणि या खोऱ्यात मामबेतच्या जिभेपुढे कुणाचं काही चालत नसे. उद्याच्या शर्यतीत त्याचा धाकटा, एमिल, याच घोड्यावर बसणार होता.

थोरली लेक बुरुल जनावरांची डॉक्टर. तिला हे मुळीच पटलं नाही. लांब दौड आणि मधे रमतगमत चाल होती, तोवर घोड्याचं रक्त तपासणीत बरं होतं. आखूड, सुसाट फेऱ्या सुरू झाल्यापासून बिघडलंय, असं ती आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती.

"सुसाट पळताना ओढलेल्या त्या श्वासानेच आतून गंज चढतोय त्याला, बाबा. भर शर्यतीत कोसळेल. सुलतानकाकांचा करडा घोडा कोसळला तसा."

"करड्याला मीच तयार केला होता. त्याचा स्वार गाढव होता," मामबेत म्हणाला.

नेहमीचा मीठ घातलेला चहा आला. मामबेतने बोलता बोलता अर्धा वाडगा संपवला. शेजारी सुलतानने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. वहिनींनी आज चहात मिठाची अख्खी खाण ओतली, असं तो म्हणाला. सगळे हसले आणि वाडगे खाली ठेवू लागले.

मामबेतला तर चहात काहीच वेगळं लागलं नव्हतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. दाताखाली करकरलं, बाकी काही नाही. पुन्हा ठेवलं. पलीकडे एमिल शीळ घालत खोगीर पुसत होता.

तो उठून घोड्यापाशी गेला. बोटावर घाम घेतला आणि बोट बुरुलपुढे धरलं.

"तू चाख."

जन्मात त्याने असं कुणाला म्हटलं नव्हतं. बुरुलने चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"मीठच आहे की हे, बाबा." मग तिची नजर त्याच्या अर्ध्या वाडग्याकडे गेली. तिचा आवाज एकदम खाली आला. "कधीपासून?"

मामबेतला करडा आठवला; त्याचाही घाम याच जिभेला बेचव लागला होता. मागे सुलतान अजून हसतच होता आणि वाडग्यातला चहा गवतावर ओतत होता.