पदरातली अंडी

टिटवी पहाटेपासून गप्प बसत नव्हती. कडब्याच्या गंजीत लपलेला श्रीपाल जरा हलला की ती उडायची आणि गंजीवर घिरट्या घालत सगळं शिवार डोक्यावर घ्यायची. गंजीच्या पायथ्याशी, नांगरलेल्या ढेकळांत, तिची चार अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची. बेचाळीसच्या चळवळीत सरकारच्या टेलिफोनच्या तारा तोडून आठ महिने फरार असलेल्या माणसाला लपायला नेमकी हीच जागा सापडावी, याला काय म्हणावं.

त्याची बायको कांता जवळच धसकटं वेचत होती. बांधावर हवालदार आणि दोन शिपाई दिसले.

हवालदार शेतकऱ्याच्या घरातला. तो वर बघत थांबला. "टिटवी उगं वरडत न्हाय," तो शिपायांना म्हणाला. "अंड्याजवळ कोणतरी असणार."

कांतानं पाटी खाली ठेवली. गंजीपाशी जाऊन वाकली, चारही अंडी पदरात घेतली आणि सरळ हवालदाराकडं चालू लागली. टिटवी तिच्या मागं आली. डोळ्यापुढचं लाल कातडं, काळा गळा, लांब पिवळे पाय. डोक्याला चोच लागेल इतकी खाली यायची आणि ओरडत पुन्हा वर जायची. गंजीवर आता कुणीच घिरट्या घालत नव्हतं.

"पदरात काय हाय?"

तिनं पदर उघडून दाखवला.

"जैनाचं, पानी गाळून पिणारं घर तुमचं. ही कशाला गं?"

उभ्या जन्मात तिनं अंड्याला हात लावला नव्हता. तिनं पदर मुठीत घट्ट आवळला.

"खायाला," ती म्हणाली.

शिपाई हसले. हवालदार मात्र दोन पावलं मागं सरला. "सासऱ्याच्या कानावर घालतो तुझ्या," म्हणाला आणि बोरगावच्या वाटेला लागला.

ते दिसेनासे झाले तशी कांता धावतच गंजीपाशी आली. हलक्या हातानं अंडी होती तिथं ठेवली आणि लांब जाऊन बसली. टिटवी खाली उतरली, अंड्यांपाशी गेली, आणि पुन्हा उडाली.

"गेले न्हवं?" कडब्यातून श्रीपालनं विचारलं.

"गेले."

"मग ती अजून का वरडतीया?"

कांता बलकानं ओला झालेला पदर मातीनं पुसत होती.

"चार हुती," ती म्हणाली.